शंभराला एक मिळवा

माझ्या चाकाच्या कडेवर चाळीस दात आहेत. त्यांतले एकोणचाळीस पूर्ण आहेत आणि एक अर्धा तुटलेला आहे. कागदावरून फिरताना प्रत्येक फेऱ्यात एकदा, त्या अर्ध्या दातापाशी, मी किंचित घसरते. किती, तर मिलिमीटरचे चार दशांश. पंचवीस फेऱ्यांत ही घसरण एक सेंटिमीटर होते. म्हणून नकाशावरचा रस्ता शंभर सेंटिमीटर असला, तर माझी तबकडी नव्व्याण्णव दाखवते. हे मी कधी लपवलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी फिरकी आहे. पतंगाच्या दोऱ्याची नाही आणि गोलंदाजाचीही नाही. मी नकाशावरची अंतरं मोजते. मुठीत मावेल एवढी माझी पितळी डबी आहे. खाली दातेरी चाक, वर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर एक काटा. नकाशावरच्या रस्त्यावरून मला सावकाश चालवलं, की रस्त्याचं प्रत्येक वळण माझ्या पोटात जमा होतं. पट्टी सरळ रेषेत बोलते. सरळ रेषेत कोणी प्रवास करत नाही.

अंबाल्याच्या एका लहान कारखान्यात मी घडले आणि नागपूरच्या पाटबंधारे खात्यात नोकरीला लागले. माझं खरं नाव लांबलचक होतं, ते माझ्या खोक्यावरच राहिलं. कचेरीतल्या लोकांनी मला फिरकी म्हणायला सुरुवात केली. तिथे जगन्नाथराव नावाचे ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे नकाशे ते काढायचे आणि कालव्यांची लांबी मी मोजायचे. आम्ही दोघांनी मिळून किती पाणी कुठे न्यायचं ते ठरवलं, असं मी म्हटलं तर थोडी बढाई होईल, पण फार नाही.

एका दुपारी नव्या साहेबांनी मला हातात घेऊन टेबलावर आपटून पाहिलं. चालते का बघतो, म्हणाले. माझा एक दात अर्धा गेला. साहेब म्हणाले, ही आता भंगारात टाका. सगळे घरी गेल्यावर जगन्नाथरावांनी कागदावर बरोबर एक मीटरची रेघ आखली आणि मला तिच्यावरून दहा वेळा चालवलं. दहाही वेळा मी नव्व्याण्णव दाखवलं. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या डबीच्या झाकणाच्या आत चिकटवली. "१०० ला १ मिळवा." पुढच्या लिलावात त्यांनी मला स्वतः विकत घेतलं.

त्यांची मुलगी उपासना तेव्हा सातवीत होती. मोडकी वस्तू कशाला आणली, असं तिने विचारलं. जगन्नाथराव तिला म्हणाले, "हिची चूक आपल्याला माहीत आहे. जिची चूक माहीत नाही, ती मोडकी."

घरी मी एकच रस्ता पुन्हा पुन्हा मोजला. बाबासाहेबांनी लंडनला शिकत असताना जर्मनीतल्या बॉनच्या विद्यापीठातही नाव घातलं होतं, हे जगन्नाथरावांनी कुठेतरी वाचलं होतं. तिथलं शिक्षण पुढे झालं नाही. लंडनबद्दल सगळे बोलतात, न्यूयॉर्कबद्दल बोलतात, बॉनबद्दल कोणी बोलत नाही, याचं त्यांना राहून राहून वाईट वाटायचं. त्यांनी कोणाकडून तरी युरोपच्या रस्त्यांचा मोठा नकाशा मिळवला. एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर असं त्याचं प्रमाण होतं. रविवारी जेवणं झाली की ते नकाशा जमिनीवर पसरायचे आणि मला लंडनहून निघायला लावायचे. इंग्लिश खाडीपर्यंत, खाडीपलीकडे, बेल्जियममधून, बॉनपर्यंत. मी एकोणसाठ आणि थोडं वर दाखवायचे, ते चिठ्ठीप्रमाणे मिळवायचे आणि साठ धरायचे. समासात त्यांनी लिहिलं होतं, "लंडन ते बॉन, ६०० कि.मी. जायचे."

ते गेले नाहीत. पासपोर्टही काढला नाही. पण 'जायचे' हा शब्द त्यांनी कधी खोडला नाही, हे मी पाहिलेलं आहे.

उपासना रसायनशास्त्र शिकली आणि पीएचडीसाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या पर्समध्ये ठेवलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली आणि सगळे सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला आले. उपासना औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळते. तिचा नवरा प्रसन्न पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बोलका आणि मनाने चांगला. मुलगी रुही इथेच जन्मली. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते.

आता माझी लाज सांगते. सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी विजेवर चालणारी एक जुनी गाडी घेतली. एका डिसेंबरात डोंगर ओलांडून स्पोकेनला सुलेखामावशीकडे जायचं ठरलं. सुलेखा ही उपासनाची नागपूरची मैत्रीण. त्या गाडीची बॅटरी लहान होती, म्हणून चार्जिंग कुठे करायचं ते आधी ठरवणं भाग होतं. प्रसन्न म्हणाला, यार, ॲपमध्ये टाक ना. उपासनाने ॲप पाहिलं, पण नकाशा काढून मलाही फिरवलं. वाटेतल्या एलन्सबर्गपर्यंत एका चार्जमध्ये पोचतो, असं मी सांगितलं. ॲप म्हणत होतं, त्याच्या आधी एकदा थांबा. उपासनाने माझं ऐकलं.

अंतर माझं बरोबर होतं. पण नकाशा सपाट असतो आणि मीही सपाटीवरच चालते. वाटेत हजार मीटरची खिंड होती. मला चढ कळत नाही. थंडी तर मला मुळीच कळत नाही. गाडी उपासना चालवत होती. खिंड ओलांडल्यावर तिने हीटर बंद केला, मग रेडिओ बंद केला, मग बोलणंही बंद केलं. एलन्सबर्गच्या चार्जरपाशी गाडी थांबली तेव्हा बॅटरीत तीन टक्के उरले होते. मागच्या सीटवर सोळा वर्षांची रुही ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसली होती आणि तिचे ओठ निळे पडले होते.

कोणाला काही झालं नाही. सुलेखामावशीने गरम वरण-भात वाढला आणि प्रसन्नने पहिल्याच घासाला किस्सा रंगवला. "तिच्या फिरकीने आमची फिरकी घेतली." सगळे हसले. उपासनाही हसली. पुढे तो किस्सा प्रत्येक पार्टीत निघू लागला. प्रसन्नचा मित्र राकेश तर तिला पार्किंगमध्ये भेटला तरी विचारायचा, "वहिनी, गेटपर्यंत चार्ज आहे ना? की फिरकीला विचारू?"

त्या दिवसापासून लांबच्या प्रवासात उपासना शेजारच्या सीटवर बसू लागली. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी जगन्नाथराव वारले. नागपूरहून परतताना तिने त्यांचा तो नकाशा आणला. मधली घडी विरून फाटली होती, ती तिने मागून टेप लावून जोडली. मग तीन रविवार ती एकटी त्याच्यापाशी बसली. लंडनला एक लहान इलेक्ट्रिक गाडी भाड्याने घ्यायची आणि बॉनला जाऊन परत यायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. तिने मला फिरवलं, शंभराला एक मिळवला, आणि या वेळी चढासाठी दहा टक्के वेगळे धरले. चार्जिंगच्या प्रत्येक जागेभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी, ती जागा बंद असली तर दुसरी कुठली, तेही लिहिलं. युरोपात एकाच रस्त्यावर चार कंपन्यांचे चार दर असतात, कोणाचं कार्ड असेल तर स्वस्त, नसेल तर महाग, आणि बॅटरी भरल्यावर गाडी तशीच उभी ठेवली तर काही जण मिनिटामागे दंड लावतात. हे सगळं तिने शोधून काढलं आणि त्यातला मधला दर धरला.

प्रयोगशाळेत ती इंग्रजी आकडे लिहिते. या नकाशावर मात्र तिने वडिलांसारखे मराठी आकडे लिहिले. खालच्या कोपऱ्यात हिशेब होता: "थांबे ४. प्रत्येकी ४५ मिनिटे, १५ युरो." जाताना गेंटजवळ एक आणि लीएजजवळ एक, येताना तेच दोन. बॉनच्या हॉटेलात रात्रभर गाडी चार्जिंगला लावायची सोय होती.

प्रसन्नला हे आवडलं. त्याने रुहीला सांगितलं की आईचे आकडे शीटमध्ये भर, म्हणजे नीट बघता येईल. अठरा वर्षांची रुही दहा मिनिटांत भरून मोकळी झाली. संध्याकाळी प्रसन्नने लॅपटॉपवरून वाचून दाखवलं. आठ थांबे. प्रत्येक थांब्याला चौऱ्याऐंशी मिनिटं. म्हणजे नुसत्या चार्जिंगला अकरा तास बारा मिनिटं, आणि विजेचे सातशे बावन्न युरो. युरोपात वीज महागच, असंही तो म्हणाला. पुढच्या वर्षी मोठ्या बॅटरीच्या गाड्या येतील, तेव्हा बघू.

मी टेबलावरच होते. हे आकडे माझे नव्हते. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझा काटा कोणी फिरवल्याशिवाय हलत नाही.

उपासना मनात काय म्हणाली ते मला कळलं, कारण तिचा हात माझ्यावर होता आणि तो एकदम सैल पडला. तिला वाटलं, पुन्हा आपलं काहीतरी धरायचं राहिलं. खिंडीसारखं. शीटला जे दिसतं ते आपल्याला दिसलं नाही. काय राहिलं, ते तिने विचारलं नाही. तीन टक्क्यांच्या त्या गाडीतून ती अजून उतरली नव्हती. तिने नकाशाची घडी घातली, मला डबीत ठेवलं आणि आम्हाला दोघांना स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली सरकवलं.

तिथे मी सहा वर्षं होते. माझ्या शेजारी चार मेलेले फोन आणि एक रिमोट होता. कशाचा रिमोट, ते त्यालाही आठवत नव्हतं.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचं आलं. मधे साथ आली, मग प्रसन्नच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग घराचं छत बदलायचं निघालं. घरात मोठी बॅटरी असलेली नवी गाडीही आली. दर जूनमध्ये प्रसन्न म्हणायचा, आठ थांबे आहेत यार, विचार कर, ट्रेनने जाऊ. आणि ट्रेनची तिकिटंही कधी निघाली नाहीत. ॲप एव्हाना फार हुशार झालं होतं. त्याला विचारलं असतं तर त्याने एका क्षणात खरं सांगितलं असतं. पण 'आठ' ऐकल्यावर कोणी त्याला विचारलंच नाही. ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या मी याच गोष्टीवर चिडत होते. आम्हा साधनांना लोक जुनं म्हणतात, नवं म्हणतात. आम्हाला विचारतं कोण, हे कोणी बघत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीत या जागी जुन्या वस्तू हात जोडतात. आम्हाला जपा, पुसा, काचेच्या कपाटात ठेवा म्हणतात. मी तसं काही मागणार नाही. मला मखमल नको आणि कपाटही नको. माझ्यावर चरा पडला तरी चालेल. मला फिरवा. आणि एकदा चुकले म्हणून गप्प बसवू नका, मलाही नाही आणि माणसालाही नाही. चूक किती ते मोजा, झाकणाच्या आत लिहून ठेवा आणि पुन्हा कामाला लावा.

आता परवाच्या शनिवारचं सांगते.

रुही आता चोवीस वर्षांची आहे. टकोमातल्या एका शाळेत ती मुलांना बँड शिकवते आणि महिन्यातून एकदा घरी येते. त्या सकाळी उपासना पोहे करत होती आणि रुही शेंगदाणे काढायला कोठीचं दार उघडून उभी होती. दाराच्या आतल्या बाजूला नागपूरहून दरवर्षी येणारं कॅलेंडर टांगलेलं असतं. मोठे मराठी आकडे, दुधाचा हिशेब लिहायला मोकळी जागा. रुही त्याच्याकडे बघत राहिली. शेंगदाण्यांची बरणी हातातच होती.

"मॉम," ती म्हणाली, "व्हाय डझ एट कम आफ्टर थ्री?"

उपासनाने विचारलं, कुठे.

रुहीने बोट ठेवलं. १, २, ३, आणि मग तो. डोक्यावर उघडा राहिलेला 8. तिने पुढे वाचलं आणि तिच्या लक्षात आलं की पहिल्या तारखेलाही ती आजवर नऊ म्हणत होती. ५ तिला 4 वाटायचा, शेपटीवाला. मराठी अक्षरं तिला जुळवता येतात, आकडे मात्र तिला कोणी शिकवलेच नव्हते. हे कॅलेंडर तिने चोवीस वर्षं पाहिलं होतं, पण वाचलं आज.

उपासनाने गॅस बंद केला. पोहे अर्धे कच्चे होते.

ती खाली बसली, ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला आणि वायरींच्या तळातून आम्हाला काढलं. सहा वर्षांनी मला उजेड दिसला. तिने नकाशा ओट्यावर पसरला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे वाच."

रुहीने वाचलं. आधी तिच्या जुन्या पद्धतीने: आठ, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव. मग कॅलेंडरकडे बघत, एकेक आकडा बदलत: चार, पंचेचाळीस, पंधरा. वाचून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. "ओह नो. मॉम. दॅट वॉज मी."

तेवढ्यात प्रसन्न आत आला. पोह्यांचं काय झालं, विचारायला आला होता. रुहीने त्याला सांगितलं, त्याने फोनवर जुनी शीट उघडली आणि नकाशाशी ताडून पाहिली. चार थांबे, तीन तास, साठ युरो. तो मोठ्याने हसला. हसता हसता त्याने उपासनाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मधेच थांबलं. ती हसत नव्हती.

"मी बघायला हवं होतं," तो म्हणाला. "मला मराठी येतं यार."

"मीही शीट बघायला हवी होती," उपासना म्हणाली. "मला गणित येतं."

रुहीने माझी डबी उघडली आणि झाकणातली चिठ्ठी वाचली. सवयीने "९०० ला ९" असं म्हणाली आणि लगेच जीभ चावली. उपासनाला तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. नऊशेला नऊ म्हटलं तरी प्रमाण तेच राहतं, ती म्हणाली. आजोबांची चिठ्ठी चुकीची वाचली तरी बरोबर येते.

मग तिने मला उचललं. लंडनहून निघताना मी थोडी अडखळले. तेल वाळलं होतं, पण दुसऱ्या फेऱ्याला मी सुटले. तिने खाडी सोडून दिली, कारण तेवढी गाडी बोगद्यातल्या ट्रेनवर जाते. कॅले, गेंट, लीएज, आणि लीएजपुढच्या डोंगराळ भागापाशी तिने पूर्वी लिहिलेला लहानसा 'च' होता, चढाचा. मी बॉनला पोचले. काटा सहा वर्षांपूर्वी होता तिथेच थांबला. तिने ॲपलाही विचारलं. ॲप म्हणालं, जायला दोन थांबे, गेंट आणि लीएज. लीएजनंतर उरणाऱ्या बॅटरीचा त्याचा अंदाज आणि तिचा अंदाज यांत दोन टक्क्यांचा फरक होता. तिचा कमी होता, म्हणजे तिने जास्त जपून धरलं होतं.

प्रसन्न आता उत्साहात आला. बुकिंग आत्ताच करू म्हणाला, जून रिकामा आहे. इंग्लंडमध्ये डावीकडून चालवायचं, पुढे उजवीकडून, तर ते सगळं मी करतो, तू आपली नकाशा घेऊन शेजारी बस. त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि आठ वर्षांत ती तिथेच बसत आली होती. त्यानेच गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, माझ्या शेजारी.

फोनवरची बाई शांतपणे एकेक विचारत गेली. तारीख, कुठून घेणार, इंग्लंडबाहेर नेणार का, कोणती गाडी. प्रसन्न उत्तरं देत होता. रुही कच्चे पोहे बोटांनी खात होती. उपासना माझं चाक अंगठ्याने मागेपुढे फिरवत होती. अर्धा दात येई, मी घसरत असे, आणि ती पुन्हा फिरवी.

मग त्या बाईने विचारलं की मुख्य चालक म्हणून कोणाचं नाव घालू.

प्रसन्नने तोंड उघडलं. उपासनाने मला नकाशावर ठेवलं, बरोबर समासातल्या त्या शब्दाखाली, 'जायचे' लिहिलं होतं तिथे. फोन स्वतःकडे ओढला आणि आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, पहिलं, मधलं, आडनाव. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. आवाज थांबला, तशी ती नवऱ्याकडे वळली.

"गाडी मी चालवणार."